इंदूताईचा पिक्चर आणि माझा फळा

"खरं लिही हं हणमा. शेजारीण म्हणून माझं तोंड बघून लिहू नको."

इंदूताई कासार हे बोलली तेव्हा तिच्या हातात एका नवरीचा हात होता. ती तो दाबून, चेपून, अंगठ्याचं हाड आत ढकलून हिरवी बांगडी वर चढवत होती. नवरी डोळे मिटून बसली होती. माझं दुकान तिच्या बैठकीला लागूनच. मी शटर अर्धं खाली ओढत होतो.

"मी कुणाचं तोंड बघून लिहिलंय आजवर?" मी म्हणालो.

"म्हणून तर सांगते. चांगलं लिहिलंस तर लोक म्हणतील शेजारधर्म पाळला. वाईट लिहिलंस तर खरंच वाईट असंल."

"आणि तुम्ही कधी बघणार?"

"सोमवारी. रविवारपर्यंत सलग लग्नाच्या तिथी आहेत, मरायला सवड न्हाई. सोमवारी बहीण येणार कराडहून, पोरींना घेऊन. मी अजून बघितलाच न्हाई रे. चार दिवस बोलून घेतलं माझ्याकडनं तुकड्या तुकड्यांनी. ते सगळं जोडल्यावर कसं दिसतं, एकदा बघायचंय."

वैशाखातला शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या गावात दिवसभर लाईट बंद असायची. मी मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळतो. लाईट नाही तर मोटार तपासता येत नाही. मग बारा वाजता प्रभावती टॉकीज. तिथं जनरेटर होता आणि जनरेटरवर पंखे होते. मी सातवी नापास माणूस. सिनेमाच्या प्रेमात वगैरे कधी नव्हतो, पंख्याखाली बसायला जायचो. पण एकदा बसलं की समोरचं दिसतंच, आणि दिसलं की राग येतोच.

दुकानाबाहेर माझा एक फळा होता. तयार झालेल्या मोटारी त्यावर लिहायचो, म्हणजे शेतकऱ्याला लांबूनच कळावं. एका शुक्रवारी एक हिंदी पिक्चर बघून आलो. साडेतीन तास नुसतं लग्न. हळद, मेंदी, संगीत, परत हळद. नवरा-नवरीला भांडायलासुद्धा वेळ नाही. डोकं फिरलं म्हणून मोटारींच्या खाली लिहिलं, 'पिक्चरमध्ये लग्न आहे. जेवण नाही. जाऊ नका.' शनिवारी फळ्यापुढं दहा माणसं उभी होती.

तिथनं ते सुरू झालं. त्या उन्हाळ्यात मी एकही पिक्चर सोडला नाही. पन्नाशीचा हिरो वह्या घेऊन कॉलेजात जातो आणि प्रिन्सिपल त्याच्यापेक्षा तरुण दिसतो. लिहिलं, 'यांना आधी पेन्शन द्या.' चार पुरुष लुगडी नेसून दोन तास धावतात, त्याला विनोदी मराठी चित्रपट म्हणतात. लिहिलं, 'लुगड्यांचं काम चांगलं आहे.' एकात गावच्या बाईवर अन्याय होतो, मग कॅमेरा तिच्या फाटक्या पोलक्यावर दहा मिनिटं अन्याय करतो. तिथं मी काय लिहिलं ते इथं छापता येणार नाही. टॉकीजचे मालक नाना भोसेकर दुकानात येऊन मला शिव्या देऊन गेले. मी त्या शिव्याही फळ्यावर लिहिल्या, खाली त्यांचं नाव घालून.

गाव माझं ऐकायला लागलं. नवा पिक्चर लागला की "फळा काय म्हणतो?" असं विचारायचे. मी कुणाला भीत नव्हतो, ही एकच गोष्ट माझ्याकडं होती. ती मला फार आवडायची.

इंदूताईच्या पिक्चरचं नाव होतं 'सव्वा हात जागा'. दोन वर्षांपूर्वी पुण्याचा एक डायरेक्टर आला होता. त्याच्या हिरॉइनला बांगड्या भरायला शिकवायचं होतं. हिरॉइन तीन दिवस शिकली आणि उन्हाला कंटाळून निघून गेली. डायरेक्टर म्हणाला, बाई, तुम्हीच करा. इंदूताईनं केलं. दीर म्हणाला, कासाराच्या बाईनं थोबाड रंगवायचं का? ती म्हणाली, रंगवायचं न्हाई, तसंच दाखवणार हायत. दीरानं बोलणं टाकलं. गावानं थोडी थट्टा केली. पुढं पिक्चर डब्यात पडून राहिला, आणि आता कुठं प्रभावतीला एक आठवडा मिळाला होता. तोही नानांच्या अटीवर: शनिवार-रविवारी निम्मं थेटर भरलं नाही, तर सोमवारी सकाळी पिक्चरची पेटी परत. बाकीच्या गावांचे थेटरवाले आमच्या गावाकडं बघून ठरवणार होते.

बारा वाजता मी आत जाऊन बसलो, शेवटच्या रांगेत, पंख्याखाली.

देवळाच्या पायरीवर एक बाई बांगड्या भरते. तिची जागा सरकारी साहेबाला हवी आहे, गाड्या लावायला. बाई काहीच बोलत नाही. साहेब बोलतो, कारकून बोलतो, पुजारी बोलतो, तिचा भाऊसुद्धा बोलतो. बाई नुसते हात दाबते. इंटरव्हल झाला, तरी बाई गप्प. मी मनात फळा लिहायला घेतला होता. इंटरव्हलनंतरही तेच. मग बाई साहेबाच्या कचेरीचा जिना चढते. आणि एकदम साहेब देवळाच्या पायरीवर गुडघे टेकून, हातात टेप घेऊन जागा मोजतोय! बाई बाजूला उभी. मग दहा मिनिटांत पिक्चर संपला.

मी वैतागून बाहेर आलो. मराठी पिक्चर काढणाऱ्यांना वाटतं, कळलं नाही की ते भारी. असला गोंधळ दिसला की मी तो सरळ डायरेक्टरच्या नावावर टाकायचो. दुकानात येऊन खडू घेतला. इंदूताई एका लग्नघरी गेली होती, तिची बैठक कापडानं झाकलेली होती. मी लिहिलं:

'बाई शेवटपर्यंत गप्प. साहेबाला मध्येच अक्कल का येते ते डायरेक्टरला ठाऊक. झोप यायला उत्तम.'

खरं लिही म्हणाली होती. खालचं 'उत्तम' जरा ठळक केलं.

शनिवारी दुपारी मकबूलभाई आला. प्रभावतीचा ऑपरेटर, वीस वर्षं मशीन चालवणारा. केबिनचा पंखा जळाला होता, तो काखेत मारून आला. फळा वाचला आणि हसायला लागला.

"हणमंत, साहेबाला अक्कल का येते विचारतोस? अरे बाबा, ती अकराव्या रिळात येते. अकरावं रीळ तू कुठं बघितलंस?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पेटी एक, गावं दोन. चिंचणीच्या टॉकीजला पिक्चर तासभर आधी चालू होतो. तिथं एकेक रीळ संपलं की पांडबा लुनावरनं आमच्याकडं आणतो. काल पोत्यातनं एक डबा पडला रस्त्यात. अकरावा. मी काय पडदा पांढरा ठेवू? दहावं संपलं, बारावं लावलं. आज सकाळी दूधवाल्यानं डबा आणून दिला, धोतरात गुंडाळून."

"आणि पब्लिक?"

"हिंदीत एक गाणं कापलं तर खुर्च्या फाडतात. काल कुणी शिट्टीपण मारली न्हाई." त्यानं पंखा माझ्या टेबलावर ठेवला. "मला वाटलं, तू तरी केबिनमध्ये येऊन शिव्या देशील. तू तर शिकलेला प्रेक्षक."

त्यानं हे टोमण्यानं म्हटलं की सरळ, ते मला अजून कळलेलं नाही.

चारशे वेढ्यांच्या गुंडाळीत एक वेढा कमी असला तर माझ्या बोटाला कळतो. मी मोटार कानाला लावून सांगतो, कुठं शॉर्ट आहे. आणि अकरा मिनिटांचं अख्खं रीळ माझ्या नाकासमोरून गेलं आणि मला पत्ता नाही. कारण सरळ होतं. मी तोवर बघायचं थांबवलं होतं. मी लिहीत होतो.

मकबूलभाई गेल्यावर मी ओलं फडकं घेतलं आणि बाहेर आलो. फळ्यापुढं मिरजकर मास्तर आणि त्यांच्या मिसेस उभ्या होत्या. मास्तर हायस्कूलला मराठी शिकवायचे. मला 'हणमंतराव' म्हणणारा गावात तेवढा एकच माणूस.

"वा हणमंतराव. 'उत्तम' शब्द काय बसलाय! आम्ही दोघं आत्ता तिकडंच निघालो होतो. वाचवलंत."

माझ्या हातात फडकं होतं.

"फळा धुताय?" मिसेस म्हणाल्या.

"न्हाई," मी म्हणालो. "धूळ बसलीय जरा."

आणि मी फळ्याची चौकट पुसली. चारी बाजूंनी, नीट. मास्तर "चला, मग रसच पिऊ" म्हणत परत फिरले. मी स्वतःला सांगितलं, बघितल्याशिवाय लिहायचं नाही ही आपली रीत आहे. आधी रीळ बघू, मग बदलू. रीत चांगली होती. तिच्याआड मी रविवार दुपारपर्यंत बसलो.

रविवारच्या बाराच्या शोला थेटरात चौदा माणसं होती. त्यातली दोन झोपलेली.

दहावं रीळ संपलं. बाई जिना चढली. आणि आता दार उघडलं.

कचेरीत टायपिंगवाली एक बाई बसलीय. साहेब फायलीत. इंदूताई खाली फरशीवर बसते, पेटी उघडते आणि त्या टायपिंगवालीला म्हणते, हात दे. टायपिंगवाली साहेबाकडं बघते आणि हात देते. मग इंदूताई एकेक बांगडी चढवत बोलायला लागते, साहेबाकडं न बघता. हा डाग तव्याचा न्हाई, हा मुद्दाम दिलेला हाय. हे हाड मोडून वाकडं बसलंय, दवाखान्यात कुणी नेलं न्हाई. तुझ्या आईचा हातबी असाच होता, मी तिलाबी भरल्यात. टायपिंगवाली रडत नाही. नुसती बघत राहते, आपलाच हात पहिल्यांदा बघावा तशी. "बाया माझ्याकडं बांगड्यांना येत्यात व्हय साहेब? घरात हात पुढं केला तर कुणीतरी काम देतं न्हाईतर मारतं. माझ्यापुढं हात करून त्या घटकाभर बसत्यात. एका बाईला हात पुढं करून बसायला किती जागा लागती, तेवढी मोजा. मग गाडी लावा." अकरा मिनिटं. कॅमेरा एकदाही पोलक्यावर गेला नाही. आणि पुढच्या रिळात साहेब गुडघ्यावर बसून टेप लावतो. आता कुणालाही कळलं असतं.

मागच्या दहा रिळांतलं तिचं गप्प राहणं आता उलटं माझ्या अंगावर आलं. झोपलेल्यांतला एक जण उठून बसला होता.

मी तिथनं सरळ नानांच्या ऑफिसात शिरलो.

"नाना, हा पिक्चर उद्या ठेवा."

नाना टरबूज खात होते. बी थुंकून म्हणाले, "कोण बोलतंय हे? तूच तर फळ्यावर झोपवलंस लोकांना. आता मला उठवायला आलास?"

"तुम्ही रीळ गाळून दाखवलंत! फसवणूक हाय ही. निम्मा पिक्चर दाखवून अख्खं तिकीट घेतलंत."

"घेतलं."

"लोकांना कळलं तर?"

"तुला कळलं?"

नानांनी टरबुजाची आणखी एक फोड कापली.

"न्हाई ना कळलं? गावाचा डोळा तू. तुला कळलं न्हाई तर लोकांना काय कळतंय?" नानांनी सुरी खाली ठेवली. ते रागावलेले नव्हते, हे मला जास्त लागलं. "हे बघ हणमंता. माझं इंदूबाईशी काय वैर न्हाई. तू फळ्यावर लिही. अकरावं रीळ पडलं होतं, नानानं गाळलं. माझं नाव घाल, मला चालतंय. आणि खाली लिही, मलाबी कळलं न्हाई. एवढं लिहिलंस तर गाव निदान गंमत म्हणून येईल बघायला, काय होतं त्या रिळात. उद्याचा बाराचा शो मी ठेवतो. पेटी चारच्या गाडीनं जाईल. आत्ता जाऊन लिही."

"लिहितो," मी म्हणालो.

टॉकीजपासून दुकान दोनशे पावलं. पन्नास पावलांपर्यंत मी ते वाक्य जुळवत होतो. शंभरला वाटलं, नानाचं नाव आधी घालू. दीडशेला वाटलं, 'मलाही कळलं नाही' हे कशाला? रीळ गाळलं म्हटलं की पुरे. मग वाटलं, रीळ गाळलं म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा विचारणार, मग शुक्रवारी तू काय बघितलंस? आणि त्याच्या मागोमाग हसणार. पेन्शनवाल्या हिरोला हसले तसे. लुगड्यांना हसले तसे.

फळा पुसला. खडू उचलला. समोर चहाच्या टपरीवर शिवाप्पा आणि पाचसहा गिऱ्हाईकं माझ्याकडं बघत होती. फळा लिहिताना लोक बघायचेच.

मी लिहिलं, 'सव्वा हात जागा. बघण्यासारखा आहे. जा.'

शिवाप्पानं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, "काय हणमंतदादा, इंदूताईनं बांगड्या फेकून मारल्या काय?"

सगळे हसले. मीही हसलो. हे मी लिहितोय तेव्हा माझं वय एकोणसाठ आहे. मी आमदाराला तोंडावर चोर म्हटलंय. लोकांनी दोनदा दुकानावर दगड मारलेत. पण त्या दिवशी मी शिवाप्पाबरोबर हसलो.

संध्याकाळपर्यंत चारपाच जणांनी विचारलं, "दबाव आला का?" एकाला मी ओरडलो, "आला न्हाई, बघितला मी परत!" तो म्हणाला, "मग शुक्रवारी काय आंधळा होतास?" अगदी सहज म्हणाला. हो म्हणायला तेवढी संधी पुरेशी होती. मी म्हणालो, "तुझा पंप तयार हाय, ने."

सहाच्या शोला अठरा माणसं आली. सोमवारी सकाळी साडेनऊला मकबूलभाईनं डबे मोजून पेटीत भरले आणि पेटी गाडीवर चढली.

इंदूताई साडेअकराला आली. मोरपंखी साडी, केसांत अबोलीचा गजरा, बरोबर कराडची बहीण आणि दोन भाच्या. माझ्या दुकानाच्या दारातनं टॉकीज दिसतं. दोन माणसं शिडीवर चढून तिच्या पोस्टरवर नवं पोस्टर चिकटवत होती. तिच्या पोस्टरवरचा नुसता हात उघडा राहिला होता. त्याच्यावर त्यांनी खळीचा ब्रश फिरवला.

ती माझ्याकडं वळली.

"गेली व्हय रे पेटी?"

"गेली."

"बरं." तिनं भाच्यांना समोरच्या रसवंतीवर पाठवलं, बहिणीला त्यांच्यामागं. स्वतः माझ्या दुकानात आली आणि लाल रंग लावून वाळत ठेवलेल्या एका मोटारीवर नव्या साडीसकट बसणार एवढ्यात मी ओरडलो. मग तिला स्टूल दिलं.

"इंदूताई, एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "शुक्रवारी ते अकरावं..."

"ठाव हाय. मकबूलभाईनं शनिवारीच सांगितलं. तुझ्याकडनं निघाला तो माझ्याकडंच आला होता लग्नघरी." ती गजरा काढत होती. "माझी जाऊ म्हणाली, जा, त्याला सांग फळा पुसायला. मी म्हटलं, त्याला कशाला सांगायला पायजे? तो काय कुणाला भितोय? लिहील."

बाहेर शिडी सरकवल्याचा आवाज झाला.

मकबूलभाईचा पंखा टेबलावर उघडा पडला होता, त्याच्याकडं बघत राहिलो.

"तू बघितलंस ना पण काल?" तिनं विचारलं. "ते रीळ?"

"बघितलं."

"मग सांग. सगळं सांग. मी आत शिरते तिथनं."

मी सांगायला लागलो. दार उघडतं. टायपिंगवाली बसलीय. तुम्ही फरशीवर बसता, पेटी उघडता. हात दे म्हणता. मी तव्याच्या डागाचं सांगितलं, मोडलेल्या हाडाचं सांगितलं. एक शेतकरी मोटार न्यायला आला, त्याला मी हातानंच थांबवलं. तो दारात उभा राहून ऐकायला लागला. तो शुक्रवारच्याच शोला होता, नंतर कळलं. इंदूताई मान खाली घालून ऐकत होती आणि स्वतःच्या एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबत होती, भरताना दाबते तशी.

"आणि मग साहेब उठतो," मी म्हणालो. "तिथं संपतं."

"शेवटचं वाक्य मी लई हळू बोलले होते. डायरेक्टर म्हणाला, हळूच बोला. ऐकू येत होतं?"

"येत होतं."

"मागं?"

"मी शेवटच्याच रांगेत होतो."

"बरं झालं," ती म्हणाली. रसवंतीवरनं भाच्या हाका मारत होत्या. ती उठली, साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि दारात जाऊन माझ्या फळ्यापुढं थांबली. वाचलं. वाचायला तिला वेळ लागायचा.

"ते 'जा' पुसून टाक हणमा," ती म्हणाली. "लोक उगाच हेलपाटा घालतील."